मवाळ प्रायमर

१२ सप्टेंबर २०२१, रविवार

आज बायकोने, सॉल्वेगने, माझी माझ्याच सासऱ्यांवर हेर म्हणून नेमणूक केली. बिनपगारी.

झालं असं की गेल्या आठवड्यात सासऱ्यांच्या, म्हणजे आर्विडच्या, शेगडीवर रिकामं भांडं तापत राहिलं, बूड जळलं, धूर झाला आणि शेजारणीने आमच्याकडे फोन केला. सॉल्वेगचं म्हणणं, बाबांना आता तळ्याकाठच्या वृद्धनिवासात हलवायला हवं. मी म्हटलं, भांडी माझ्याही हातून जळतात, मला कुठे कोणी हलवतंय? "तुझ्यासाठी जागा मिळत नाहीये," ती म्हणाली. मिनेसोटातल्या नॉर्वेजियन लोकांचा विनोद असाच असतो, चेहऱ्यावर त्याचा मागमूस नसतो.

शेवटी तह झाला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत मी आठवड्यातून दोनदा आर्विडच्या तळघरात बसायचं, ते नेमबाजीसाठी घरीच काडतुसं भरतात ती पाहायची आणि खरं काय ते तिला सांगायचं. काडतूस भरणं हे डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाचंच काम आहे. नीट भरत असले तर ते आपल्या घरात राहतील, नसले तर नाही.

इथे सासऱ्यांना नावाने हाक मारतात. पहिली पाच वर्षं ते नाव माझ्या तोंडून निघेना, नुसतं खाकरून भागवलं. आता निघतं, पण वहीत अनेकवचन सुटत नाही. माझ्या श्रीपादचं त्यांनी पहिल्याच दिवशी शेप केलं. शेप हे इकडे मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्याचं नाव. वीस वर्षं मी त्या हाकेला ओ देतो आहे आणि शेपूट हलवायचं तेवढं टाळतो आहे.

१६ सप्टेंबर, गुरुवार

तळघर. भिंतीला लागून लाकडी बाक, त्यावर काडतुसं भरायचं दांड्याचं यंत्र, वर फळीवर डबे. आर्विड एकोणऐंशी वर्षांचे, कडक लूथरन ख्रिस्ती. आयुष्यात दारूला शिवले नाहीत आणि पन्नास वर्षं तळघरात बसून दारू मोजत आहेत. हा विनोद मी मराठीत मनातल्या मनात केला. इंग्रजीत तो होत नाही.

आजचा धडा प्रायमरचा. काडतुसाच्या बुडात नखाएवढी धातूची टोपी असते, तो प्रायमर. बंदुकीचा घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते, दारू पेटते, छर्रे सुटतात. फळीवर दोन जाती आहेत. पांढऱ्यांची ठिणगी सौम्य, पिवळ्यांची दांडगी. मी त्यांची नावं मवाळ आणि जहाल अशी ठेवली. आर्विडना भाषांतर करून सांगितलं, तर म्हणाले, "तुमच्याकडे निवडून कोण आलं?" मी म्हटलं, "शेवटी दोघंही नाही."

"दोन्ही एकाच भोकात बसतात," ते म्हणाले. "म्हणून माणसं फसतात. पिवळा घातला की दारू कमी करायची. आणि डेल्मरच्या काडतुसात पिवळा कधीच नाही." डेल्मर म्हणजे त्यांचा जुना दोस्त.

"म्हणजे समानार्थी शब्दांसारखं. अर्थ एक, पण एकाच्या जागी दुसरा घालता येत नाही."

"तुझ्या त्या जुन्या भाषेत शब्द चुकला तर कोणी जखमी होतं का?"

"फक्त परीक्षेत."

हसले. मग पुस्तकातला तक्ता मला मोठ्याने वाचायला लावला. टरफल कोणतं, दारू कोणती, किती, प्रायमर कोणता. मी वाचायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि म्हणायचं, "पुन्हा." तीनदा झालं. त्यांचा चष्मा सबंध वेळ खिशातच होता. वाईला गुरुजींकडे सहा वर्षं संस्कृतची संथा घेतली, तिथेही हीच रीत होती. इतक्या वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, तळघरात पुन्हा गुरुकुल भेटावं! नोंदवहीही माझ्याकडे दिली. "यापुढे तू लिही. तुझं अक्षर लागतं."

वर येऊन सॉल्वेगला फोन केला. म्हटलं, बाबा मला शिष्य करून घेत आहेत.

२८ सप्टेंबर, मंगळवार

आज डेल्मर क्वाम आला होता. गुरांचा डॉक्टर, आता निवृत्त, आर्विडचा बेचाळीस वर्षांचा दोस्त. दोघं दर गुरुवारी गावाबाहेरच्या क्लबात हवेत उडवलेल्या मातीच्या बशांवर नेम धरतात. डेल्मरची बंदूक त्याच्या वडिलांची, शंभर वर्षांची दुनळी. नळ्या कागदासारख्या पातळ. जहाल काही तिला सोसायचं नाही. म्हणून आर्विड त्याच्यासाठी वेगळी मवाळ काडतुसं भरतात, पांढऱ्या प्रायमरची.

दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हे या लोकांचं सोवळं आहे. आमच्या आजीच्या सोवळ्यापेक्षा कडक, कारण यात विटाळ झाला तर अंघोळीने भागत नाही. डेल्मर ते सोवळं एकट्या आर्विडसाठी मोडतो.

"तू भरलेल्याकडे मी बघतसुद्धा नाही, आर्विड," तो म्हणाला. "चर्चमधल्या प्रसादाच्या पावासारखं. दिलं की घेतलं."

"पाव कोरडा असतो."

"तुझी काडतुसंही काही गोड नाहीत."

प्रायमरचा दुष्काळ पडला आहे. सगळ्या देशाने एकदमच घरी बसून काडतुसं भरायला घेतली असावीत. दुकानात पिवळे मिळाले तर मिळतात, पांढरे मार्चपासून दिसलेले नाहीत. आमच्याकडे दोनेकशे उरले आहेत.

जाताना डेल्मरने मला अंगणात गाठलं. "तो बरा आहे ना रे?"

"उत्तम. मला शिकवतायत."

"हं," तो म्हणाला आणि टोपी सारखी केली. "गेल्या गुरुवारी त्याने मला तीनदा विचारलं, बेटी कशी आहे."

बेटी म्हणजे डेल्मरची बायको. जाऊन चार वर्षं झाली. मी म्हटलं, दुःख असतं ते. आर्विडना बेटीचा लळा होता, त्यांना अजून ते मान्य होत नसेल. डेल्मर म्हणाला, "असेल." आणि गेला.

७ ऑक्टोबर, गुरुवार

तळघरात उतरलो तर आर्विड पांढरे आणि पिवळे प्रायमर कॉफीच्या एकाच डब्यात ओतत होते. प्रायमर त्यांच्या मूळ खोक्यातून काढायचे नाहीत, हा त्यांनीच घालून दिलेला पहिला नियम. विचारलं तर म्हणाले, "जागा होत नाही." फळीवर तीन हात जागा मोकळी होती. पण काटकसरी माणसाला जागेचीही काटकसर सुचत असावी. तांदळातले खडे निवडावेत तसे मी तासभर बसून ते वेगळे केले. ते शेजारी बसून पाहत होते, शांतपणे, पाहुण्यासारखे.

मग म्हणाले, "शेपला खायला घातलं का?"

मी म्हटलं, "शेप घरून जेवून आलाय."

माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. माझ्या नावाची थट्टा त्यांनी वीस वर्षांत पहिल्यांदा केली. उशिरा का होईना, जावई घरातला झाला.

(त्यांच्याकडे खरोखरच शेप नावाचं कुत्रं होतं, सॉल्वेग शाळेत असताना. ते आत्ता आठवलं. योगायोग.)

२३ ऑक्टोबर, शनिवार

आज अहवाल दिला. सॉल्वेग भांडी पुसत होती.

"खरं सांग."

"काडतुसात चूक नाही. तक्ता माझ्याकडून तीनदा वाचून घेतात, तेव्हा दांडा ओढतात."

"तुझ्याकडून? पूर्वी पाठ होता त्यांना."

"शिकवण्याची पद्धत आहे ती."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला मागे वळून भिंतीकडे बघावंसं वाटलं. मग म्हणाली, "तू सांगतोस म्हणून." वृद्धनिवासातली एक जागा डिसेंबरपर्यंत राखून ठेवली आहे. ती तिने अजून सोडलेली नाही, हे मला आज कळलं.

कॉफीच्या डब्याचं सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? डबा मी निवडला होता.

४ नोव्हेंबर, गुरुवार

पांढरे संपले. तेरा तारखेला क्लबात सणाआधीची स्पर्धा आहे. बक्षिसाला टर्की आणि डुकराची मांडी असते. मी शाकाहारी, म्हणून गुण लिहायला मला बसवतात. माझा कशावर डोळा नाही, अशी समजूत आहे. डेल्मरला दोन खोकी हवी होती. एक पांढऱ्यांवर झालं. दुसऱ्याला पांढरे उरले नाहीत.

विचारलं, "आर्विड, डेल्मरच्या काडतुसात पिवळे घालू का? दारू तेवढीच ठेवायची?"

माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तेवढीच. नेहमी तेवढीच."

"नक्की?"

"पन्नास वर्षं भरतोय मी."

संपलं. पुस्तकात पिवळ्यांची ओळ पाहावी असं मनात आलं होतं. सप्टेंबरात ते काही वेगळं म्हणाले होते असंही अंधुक वाटलं. पण आमच्याकडे आप्तवाक्य हे प्रमाण. गुरू समोर बसलेला असताना पोथी उघडून ताळा पाहणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं ठरवणं. आणि सॉल्वेगला सांगता येईल, विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं.

दांडा मीच ओढला. पंचवीस काडतुसं. नोंदवहीत नोंद केली, खोक्यावर 'डेल्मर' लिहिलं.

१३ नोव्हेंबर, शनिवार

डेल्मरची बंदूक फुटली. दुसऱ्या खोक्यातलं तिसरं काडतूस. डावा हात. मी गुण लिहीत होतो. त्याच्या नावापुढे रेघ ओढायला पेन टेकवलं होतं.

आवाज नेहमीच्यापेक्षा वेगळा नव्हता. मोठाही नव्हता. आर्विड शेजारच्या जागेवर उभे होते. त्यांनी आपली बंदूक उघडली, काडतूस काढलं, बंदूक नीट रॅकवर ठेवली आणि मग डेल्मरपाशी गुडघ्यावर बसून आपल्या रुमालाने त्याचा हात आवळून धरला. दवाखान्याची गाडी येईपर्यंत धरून होते. मी कागद हातात घेऊन उभाच.

१४ नोव्हेंबर, रविवार

चर्चला कोणी गेलं नाही. दुपारी आर्विडच्या तळघरात एकटाच उतरलो आणि पुस्तक उघडलं. पिवळ्यांची ओळ आहे. त्याच पानावर, चार ओळी खाली. दारू कमी. तळटीप आहे: जुन्या, पातळ नळ्यांच्या बंदुकीसाठी नाही. साध्या अक्षरांत छापलेलं. माझ्यासारख्याने, जो लोकांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासून पोट भरतो, त्याने वाचायला काहीच अडचण नाही असं.

मी खुर्चीवर बसलो.

मग नोंदवही उघडली. चार तारखेचं, माझ्या अक्षरातलं पान नाही. फाडलेलं आहे, पट्टी लावून, सरळ. आर्विड हल्ली कागद दिसला की फाडतात, तेल पुसायला. परवा चर्चचं पत्रक फाडलं होतं. योगायोग किती क्रूर असतो. नेमकं तेच पान.

१५ नोव्हेंबर, सोमवार

दवाखाना. डाव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठा राहील की नाही ते सांगत नाहीत.

"आठ उरली," डेल्मर म्हणाला. "गायीच्या पोटातून वासरू काढायला पुरे." मग छताकडे बघत राहिला. "शेप, मी काडतुसाचं बूडसुद्धा बघितलं नाही रे. पिवळं दिसत होतं, म्हणतात. मी बघितलंच नाही."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. नर्स आली. ती गेल्यावर तो म्हणाला, "आर्विडला सांग, इतक्यात येऊ नको. मला त्याचं तोंड बघवणार नाही." आणि त्याने भिंतीकडे मान वळवली.

तोंड उघडलं होतं, एवढंच इथे लिहून ठेवतो.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

क्लबाची बैठक झाली. लांब टेबल, कागदी कपांत कॉफी, कोणी तरी केलेल्या लिंबाच्या वड्या, ज्यांना कोणी हात लावला नाही. आर्विड दाढी करून, टाय लावून आले होते. टायची गाठ त्यांनी स्वतः बांधली होती, आणि सरळ होती.

अध्यक्षांनी विचारलं, "काडतुसं कोणी भरली?"

"मी."

"प्रायमर कोणी निवडला?"

"मी. पांढरे संपले, पिवळे घातले. दारू कमी करायची राहिली."

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही. शेप वर कॉफी पीत होता."

एकदाही अडखळले नाहीत. सगळे माझ्याकडे वळले. मी काय करणार होतो? चारचौघांत एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला 'तुम्हाला आठवत नाही, तुम्ही चुकताय' असं म्हणणं बरं दिसलं असतं का? आणि कधी कधी मी खरोखरच वर कॉफी पीत असे. चार तारखेलाही सुरुवातीला घेतली होती.

मी मान हलवली. कोणत्या दिशेने, ते मलाही सांगता येणार नाही. लेखनिकाने काही तरी लिहून घेतलं.

आर्विडचं सभासदत्व काढून घेतलं. त्रेपन्न वर्षांचं. त्यांनी खिशातून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि अध्यक्षांना म्हणाले, "तुझ्या बापाला इथे पहिली बशी मी उडवायला शिकवली होती, रॉजर. रडू नको."

परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाले, "तुला या गावात अजून पुष्कळ वर्षं राहायचंय, शेप."

मी म्हटलं, हो. विषय कसे भरकटतात त्यांचे! उतरताना माझा खांदा दाबला, जोरात.

२० नोव्हेंबर, शनिवार

सॉल्वेगला सांगायचं ठरवून सकाळी उठलो. ती स्वयंपाकघरात वृद्धनिवासाशी फोनवर बोलत होती. जागा पक्की केली. फोन ठेवून म्हणाली, "बरं झालं बाबा स्वतःच बोलले. त्यांच्या तोंडून ऐकलं नसतं तर मला हे करवलं नसतं. तुझ्यावर विसंबून मी..." आणि थांबली. मला बोल लावला नाही. पुसून झालेला टेबल पुन्हा पुसायला घेतला.

सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब दिवसभर मांडतो आहे. बाबा त्यांच्या घरी राहिले असते. निदान या वर्षी. डेल्मरला कळलं असतं की बेचाळीस वर्षांचा दोस्त चुकला नव्हता, चुकला तो वाईचा विद्वान. उलट बाजूला काय? गावात दाखवायचं माझं तोंड. एवढंच आहे. मांडून पाहिलं तर एवढंच निघतं, म्हणून पुन्हा मांडतो.

आणि 'तेवढीच' ते म्हणाले होतेच ना? म्हणाले होते. पण ते मला उत्तर देत नव्हते, हे आता कळतं आहे. माझ्या तोंडाकडे बघून मला हवं होतं ते शोधून देत होते. दोन महिने देत होते.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. तिघंच होतो. आर्विडनी दोनदा डेल्मरसाठी जास्तीची ताटली मांडली, सॉल्वेगने दोनदा उचलली. प्रार्थना मात्र त्यांनी सबंध म्हटली, नॉर्वेजियनमध्ये, एक शब्द न चुकता. मला ती ऐकवेना.

जेवणानंतर ते खिडकीशी बसले होते. सॉल्वेग आत होती. मी म्हटलं, "आर्विड, बैठकीत तुम्ही असं का म्हणालात?"

"कोणत्या बैठकीत?"

खरंच विचारत होते की काय, कळलं नाही. डोळे स्वच्छ होते. मी पुढे विचारलं नाही. मला उत्तर नको होतं.

२ डिसेंबर, गुरुवार

आज आर्विडना पोहोचवलं. खोली तळ्याकडे तोंड करून आहे, तळं गोठलेलं आहे. एक पलंग, एक खुर्ची, सॉल्वेगच्या आईचा फोटो. ते खुर्चीत बसले, कोट काढला नाही. कॉफी पातळ आहे म्हणाले. मग विचारलं, "डेल्मर आज येणार ना? गुरुवार आहे."

सॉल्वेग बाहेर गेली. ऑफिसातली बाई अर्ज घेऊन आली. दारातून सॉल्वेग मला म्हणाली, "तू भर. माझा हात चालत नाहीये."

नाव, वय, औषधं, जवळचं चर्च. मग दाखल करण्याचं कारण. सॉल्वेगने भिंतीला टेकून, डोळे मिटून सांगितलं आणि मी लिहिलं: घरी काडतुसं भरताना चुकीचा प्रायमर वापरला. मित्राला कायमची इजा. आता एकट्याने राहणं सुरक्षित नाही.

त्याखाली आणखी एक रकाना होता: वरील घटनेची प्रत्यक्ष माहिती असलेल्या व्यक्तीचं नाव.

मी आर्विड यांचं लिहिलं.